थंड प्लेटीचं कुळ

हिमायतनगरात, म्हणजे आमच्या जुन्या माणसांच्या वाढोण्यात, मे महिन्यात पाणी थंड करायला रांजणाइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. तरी दुरुस्तीच्या दुकानात एक छोटा वॉटर डिस्पेन्सर उघडा पडलेला पाहिला आणि तिथंच थबकलो. आत कॉम्प्रेसर नव्हता, गॅसची नळी नव्हती. होती ती चार सेंटिमीटर लांबी-रुंदीची एक पांढरी वडी आणि तिला एक लाल, एक काळी वायर. मिस्त्री तिला 'पेल्टियर प्लेट' म्हणतो.

"सर, हीटसिंक लावल्याबिगर हिला करंट देऊ नका. लगेच जळते," त्यानं जुनी प्लेट हातात देताना बजावलं होतं. घरी येऊन मी नेमकं तेच केलं. 12 व्होल्ट जोडले. एक बाजू बोटाला गार लागली, दुसरी चटका देऊ लागली, आणि थोड्याच वेळात सगळंच तापून प्लेट मेली. मग चाकूनं ती उकलली. दोन चिनीमातीच्या पातळ फरश्यांच्या मधे करड्या रंगाचे इवलेसे ठोकळे ओळीनं उभे होते. या नमुन्यात त्यांच्या 127 जोड्या असतात. एक ठोकळा नखानं दाबला तर अभ्रकासारखा पापुद्रा सुटला, आरशासारखा लखलखीत. हा बिस्मथ टेल्युराइड. बिस्मथचे दोन अणू, टेल्युरियमचे तीन. (नंतर हात साबणानं धुतले. टेल्युरियम पोटात गेलं तर श्वासाला दिवसच्या दिवस लसणाचा वास येतो.)

या पदार्थातल्या टेल्युरियमचं कुळ ट्रान्सिल्व्हानियाच्या, आजच्या रोमानियातल्या, सोन्याच्या खाणींत सापडतं. तिथल्या एका खनिजातून सोनं अपेक्षेइतकं निघेना. 1782 मध्ये खाण अधिकारी म्युलर फॉन रायखेनश्टाइन यानं ते तपासलं आणि आधी ठरवलं की यात बिस्मथ आणि गंधक आहे. पुढच्याच वर्षी त्यानं आपली चूक लिहून कबूल केली: हा कुठलाच ओळखीचा धातू नव्हे. तापवल्यावर पांढरा धूर निघे आणि त्याला मुळ्यासारखा वास येई. 1798 मध्ये बर्लिनच्या क्लाप्रोट या रसायनशास्त्रज्ञानं या नव्या मूलद्रव्याला लॅटिन 'टेल्लुस'वरून, म्हणजे पृथ्वीवरून, टेल्युरियम हे नाव दिलं आणि शोधाचं श्रेय म्युलरलाच दिलं. म्युलरला चुकून ज्याच्यात बिस्मथ दिसलं, त्याचीच पुढं बिस्मथशी सोयरीक जुळली. हे मला फार आवडतं.

दुसरी शाखा पॅरिसची. झाँ पेल्टियर मूळचा घड्याळजी. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की सांधा गार किंवा गरम होतो, हे त्यानं 1834 मध्ये नोंदवलं. 1838 मध्ये लेंझ या भौतिकशास्त्रज्ञानं बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा एक थेंब ठेवला. वीज सोडली, थेंब गोठला. वीज उलटी फिरवली, थेंब वितळला.

पण त्यातून पाणी गार करायचं यंत्र काही होईना. जो धातू वीज सहज जाऊ देतो, तो उष्णताही सहज जाऊ देतो. गार बाजूकडून उपसलेली उष्णता त्याच वाटेनं परत येते. फुटक्या माठात पाणी भरत राहावं, तसं. हवा होता असा पदार्थ, जो विजेला वाट देईल आणि उष्णतेला अडवेल.

बिस्मथ टेल्युराइडच्या अंगात नेमकं हेच आहे. तो अर्धवाहक आहे. त्याचे अणू जड, आणि पाच-पाच अणुथरांचे गठ्ठे एकमेकांना हलकेच चिकटलेले. म्हणून तर माझ्या नखाखाली पापुद्रा सुटला. उष्णता म्हणजे अणूंची थरथर. ती या जड, सैल रचनेत अडखळते. इलेक्ट्रॉन मात्र निघून जातात. आणि त्याचा हा गुण नेमका आपल्या घरातल्या तापमानाच्या आसपास सगळ्यांत खुलतो. 1954 मध्ये इंग्लंडमध्ये गोल्डस्मिड आणि डग्लस यांनी या पदार्थाचा सांधा 26 अंशांनी खाली आणला, थेट शून्यापर्यंत. पुढं त्यात अँटिमनी, सेलेनियम मिसळून ठोकळ्यांच्या दोन जाती केल्या गेल्या. एकीत इलेक्ट्रॉन उष्णता वाहतात, दुसरीत इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. म्हणून ठोकळे जोडीनं उभे असतात.

मोठ्या फ्रिजला ही प्लेट पुरत नाही. वीज फार खाते, कॉम्प्रेसर तिच्यापेक्षा कितीतरी सरस. पण जिथं जागा चिमूटभर आणि तापमान अचूक हवं, तिथं तिला तोड नाही. कोरोनात इथल्या माणसांचे स्वॅब नांदेडला जायचे. आरटीपीसीआरच्या यंत्रात नमुन्याच्या नळ्यांखाली अशाच प्लेटी असतात. नमुना 95 अंशांपर्यंत तापवायचा, 60च्या आसपास उतरवायचा, पुन्हा तापवायचा, असं चाळीसेक वेळा. दर वेळी प्लेटीतली वीज उलटी फिरते, लेंझच्या त्या थेंबाखाली फिरली होती तशी.