करंजाड्याची खारजमीन
आज करंजाड्यात टॉवर उभे आहेत, पण हा पट्टा पनवेल खाडीकाठच्या आगरी गावांचा. माझे आजोबा खारं पाणी अडवणाऱ्या बांधावरच्या उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, राखण करत. तिची लाकडी झडप भरतीच्या रेट्याने आपोआप मिटे, ओहोटीला शेतात साठलेल्या पावसाच्या पाण्याने उघडे. पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन काढलं की ‘राता’ लावायचा. खारेपण सोसणारं, लाल तांदळाचं वाण. बांधाला खेकड्याने भोक पाडलं की हातातलं काम टाकून सगळे चिखल घेऊन धावत.

मग १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि त्यासाठी इथल्या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या जासईच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क या लढ्यामुळे मिळाला, हे इथल्या प्रत्येक नव्या रहिवाशाला माहीत असायलाच हवं. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली. त्यांतली काही कुटुंबं वडघर-करंजाड्यात वसली.