लाट पाद्री आपले कधी होणार?

१९५० साली अरविंदनाथ मुखर्जी कोलकात्याचे अँग्लिकन बिशप झाले, तेव्हा त्या गादीला १३६ वर्षं होत आली होती आणि तिच्यावर त्याआधी एकही भारतीय माणूस बसला नव्हता. माझे आजोबा तेव्हा सियालदह स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. बिऱ्हाड मौलालीच्या बाजूला, दोन खोल्यांचं. रविवारची उपासना सेंट जेम्समध्ये. या चर्चला दोन उंच मनोरे आहेत, म्हणून रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्याला जोडा गिर्जा म्हणतात. मंडळीत अँग्लो-इंडियन बरेच, काही बंगाली, आणि नागपूरहून आलेलं आमचं एकच मराठी घर.

नव्या बिशपांची बातमी आजी आम्हाला सांगायची ती नेहमी फलाटापासून सुरू करून. त्याच वर्षी फेब्रुवारीत पूर्व बंगालात दंगली झाल्या. बारिसाल, खुलना, ढाका इथून निघालेली माणसं गाड्या भरभरून सियालदहला उतरत होती. फलाटावर चार विटा मांडून, वर चादर टाकून एकेका कुटुंबानं आपली जागा आखलेली. पटकीची टोचणी, पोह्या-गुळाचं वाटप, हरवलेल्या मुलांच्या नावानं हाका. आजोबा पार्सलच्या पेट्यांमधून वाट काढत घरी यायचे ते रात्री उशिरा, आणि आजीला म्हणायचे, "आज खाली पाय ठेवायला जागा नव्हती." आजी मंडळीतल्या दोघी-तिघींसोबत दुधाची बरणी घेऊन जायची. एकदा तिला तिथे बारिसालकडची एक ख्रिस्ती बाई भेटली. गाठोड्यात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं बंगाली प्रार्थनापुस्तक होतं. तिनं आजीला पहिला प्रश्न विचारला तो घराचा नाही, जेवणाचाही नाही. "आमचे लाट पाद्री आता कोण?" असं तिनं विचारलं. लाट पाद्री म्हणजे बिशप.

आजीला तो प्रश्न आयुष्यभर पुरला. देशाची फाळणी झाली तरी धर्मप्रांताची झाली नव्हती. बारिसाल पाकिस्तानात गेलं, पण तिथल्या अँग्लिकनांचे बिशप कोलकात्यातच बसत. एवढंच नाही, कोलकात्याचे बिशप हे भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन या चारही देशांतल्या अँग्लिकन चर्चचे मेट्रोपॉलिटन, म्हणजे सगळ्या बिशपांतले वडीलधारे. ज्या फलाटावर दोन देश वेगळे होत होते, तिथे उतरणाऱ्या बाईला आणि आमच्या आजीला बिशप मात्र एकच होता, आणि आता तो बंगाली होता.

मंडळीत त्या बातमीचं काय झालं? एक बंगाली मास्तरमोशाय होते, ते उपासनेनंतर फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला बिशपांचं पूर्ण नाव ऐकवत होते. त्यांच्या मनात कृष्णमोहन बंद्योपाध्याय होते. १८३२ मध्ये ख्रिस्ती झालेले हे विद्वान, हेदुआजवळच्या ख्राइस्ट चर्चचे पाळक. एवढा मोठा माणूस, पण त्यांच्या काळात बिशपपद भारतीयाला मिळेल असं कुणी बोलूनही दाखवत नव्हतं. एका इंजिन ड्रायव्हरची बायको मात्र गप्प होती. तिची भावंडं ऑस्ट्रेलियाला निघाली होती. तिला भीती इंग्रजी उपासनेची, मुलांच्या शाळेची, आपलं इथे काय उरणार याची. आजी तिच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही. "तिचंही घरच जात होतं," एवढंच म्हणायची. मला हे आजीचं म्हणणं फार मोलाचं वाटतं.

आजोबांना जुना इतिहास तोंडपाठ होता. ते सांगत की पहिला बिशप पाठवायला लंडनचेच लोक घाबरत होते. वेल्लोरचं १८०६ चं बंड ताजं होतं. बिशप आला की हिंदू-मुसलमान पेटून उठतील, असं ईस्ट इंडिया कंपनीतल्या अनेकांचं मत. म्हणून थॉमस मिडलटन यांचा अभिषेक मे १८१४ मध्ये झाला तो गाजावाजा न करता, आणि त्या वेळचं प्रवचन छापूसुद्धा दिलं नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस ते कोलकात्याला उतरले. काहीच झालं नाही. शहर आपल्या कामात होतं. पगार वर्षाला ५,००० पौंड, तो हिंदुस्थानच्या महसुलातून. हद्द कंपनीच्या सगळ्या मुलुखाची, मुंबई-मद्रास धरून. दुसरे बिशप हेबर तर १८२५ मध्ये पुण्याला आणि कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत येऊन गेले. ज्यांच्या पैशांतून हे पद चाललं त्यांना कुणी विचारलं नाही. माझा सगळा रोख इथेच आहे. लोक शांत राहिले म्हणजे लोकांना मान्य होतं, असा अर्थ तेव्हाच्या कारभाऱ्यांनी काढला.

आमच्या घरात जे नाव आदरानं घेतलं जाई ते मात्र एका इंग्रज बिशपाचंच होतं, डॅनियल विल्सन यांचं. १८३२ मध्ये ते आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पत्र काढलं: चर्चमध्ये जात चालणार नाही, ती आत्ताच आणि कायमची सोडा. दक्षिणेत तंजावर-वेपेरीकडे उच्चवर्णीय ख्रिस्ती कुटुंबं चर्च सोडून गेली. वेगळ्या रांगेत बसणं, वेगळा प्याला, हे त्यांना सोडवेना. आम्ही नागपूरकडचे महार. पणजोबा मिशनमध्ये धर्मशिक्षक होते. त्यांनी ते पत्र वाचलेलं नव्हतं, पण त्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. आजोबा मुलांना सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये घेऊन गेले की सांगत, विल्सनसाहेबांना इथेच पुरलंय. निळकंठशास्त्री गोरे या काशीच्या चित्पावन पंडितांचंही नाव निघे. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले हे गोरे पुढे अँग्लिकन याजक झाले, पंडिता रमाबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार होता. विद्वत्तेत ते भल्याभल्या साहेबांना भारी. तेही बिशप झाले नाहीत. चित्पावन गोरे आणि महार पणजोबा, दोघांनाही ती खुर्ची सारखीच दूर होती, हे आजोबा ठासून सांगत.

पणजोबांच्या हयातीतच एक दार उघडलं. २९ डिसेंबर १९१२ ला कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांचा दोर्णकलचे बिशप म्हणून अभिषेक झाला, पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. विरोध झाला, आणि तो फक्त गोऱ्यांचा नव्हता. त्यांच्या स्वतःच्या तिरुनेलवेलीत त्यांना सहायक बिशप करायची गोष्ट निघाली तेव्हा जातीपातीचे आणि घराण्यांचे हेवेदावे आडवे आले. शेवटी तेलुगू मुलखात त्यांच्यासाठी नवा धर्मप्रांत काढला गेला. नागपूरला बातमी आली तेव्हा पणजोबा म्हणाले म्हणे, "आता आपल्यातला माणूस डोक्यावर हात ठेवेल."

बाहेरच्यांना हे कदाचित समजणार नाही. बिशप म्हणजे आमच्या लेखी कार्यालय किंवा हुकूम नव्हे. दृढीकरणाच्या दिवशी मूल गुडघे टेकतं आणि बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, तो हात म्हणजे बिशप. माझ्या बाबांचं दृढीकरण मुखर्जींच्या हातून झालं. बाबांना प्रवचनातला शब्द आठवत नाही. पांढऱ्या झग्याची इस्त्री केलेली बाही, तिच्यातून आलेला सावळा हात, आणि डोक्यावर पडलेलं त्याचं वजन, एवढं आजही ते जसंच्या तसं सांगतात. घरी आल्यावर आजोबांनी त्यांच्या केसांवरून आपला हात फिरवला. त्यांचं स्वतःचं दृढीकरण नागपूरला इंग्रज बिशपांकडून झालं होतं.

मुखर्जींच्या नेमणुकीला आणखी एक बाजू आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. १९३० पर्यंत हे बिशप ब्रिटनचे राजे नेमत. १ मार्च १९३० ला भारतातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्यानं सुटं झालं आणि बिशप इथेच निवडायची वाट मोकळी झाली. तरीही पुढची वीस वर्षं कोलकात्याला इंग्रजच राहिले. कायदा बदलला तरी मन बदलायला वेळ लागतो, असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही. वीस वर्षांत माणसं तयार होती. अझरियांनी दोर्णकलमध्ये लाखभरापेक्षा मोठी मंडळी उभी केली होती.

१९६२ मध्ये मुखर्जींच्या जागी लकदास डी मेल आले, सिलोनचे. मंडळीत थोडी कुजबुज झाली, बंगाली सोडून लंकेचा माणूस कशाला? आजोबांनी कुजबुजणाऱ्यांना सरळ सांगितलं की मग नागपूरच्या माणसालाही तुम्ही पार्सल ऑफिसात ठेवायला नको होतं. १९६५ च्या लढाईत सियालदहहून पूर्व पाकिस्तानात जाणाऱ्या गाड्या थांबल्या. बारिसालची ती बाई तोवर इकडेच कुठल्याशा कॉलनीत स्थायिक झाली होती.

मग २९ नोव्हेंबर १९७० ला अँग्लिकन आणि इतर पाच परंपरा एकत्र येऊन उत्तर भारताचं चर्च स्थापन झालं, आणि तेही आमच्या नागपुरात. आजोबांच्या चुलतभावाचं पत्र आलं, तंबू किती मोठा, गर्दी किती, सगळं लिहिलेलं. कोलकात्याचं मेट्रोपॉलिटनपद त्या दिवशी संपलं. जोडा गिर्जात काहींचे डोळे भरून आले. दीडशे वर्षांचा आपल्या शहराचा मान गेला असं त्यांना वाटलं. आजोबांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आजी भाजी निवडत ऐकत होती. माझी आत्या तेव्हा तेरा वर्षांची. वाचून झाल्यावर आजीनं विचारलं, "ते सारं खरं जी, पण आपल्या पोरीचं दृढीकरण आता कोण करणार, अन् तारीख काहून सांगत नाही कोणी?" आजोबांनी दुसऱ्याच दिवशी पाळकांना ते विचारलं.