सिल्व्हर नायट्रेट

सिल्व्हर नायट्रेट (रजत नायट्रेट) हे चांदीवर नायट्रिक आम्लाची अभिक्रिया होऊन मिळणारे लवण होय. त्यात चांदीचा एक, नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन अणू असतात. चांदीची बहुतेक संयुगे पाण्यात विरघळत नाहीत. हे मात्र सहज विरघळते. त्यामुळे चांदीचे दुसरे कोणतेही संयुग तयार करावयाचे झाल्यास सुरुवात बहुधा याच्यापासूनच होते. छायाचित्रणाचा कागद, मतदाराच्या बोटावरील शाई, आरशाचा मुलामा, पाण्याची तपासणी आणि जुन्या दागिन्यांची गलाई अशा परस्परांशी संबंध नसलेल्या ठिकाणी ते आढळते. ते दाहक असून डोळ्यांना व जलचरांना विशेष अपायकारक आहे.

गुणधर्म

शुद्ध सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक रंगहीन व पारदर्शक असतात. घनता ४.३५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तर मोलर वस्तुमान १६९.८७ आहे. सुमारे २१० अंश सेल्सियसला ते वितळते आणि सुमारे ४४० अंशांपुढे त्याचे विघटन होऊन धातुरूप चांदी, नायट्रोजन डायऑक्साइड व ऑक्सिजन मिळतात. २५ अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात ते सुमारे २५० ग्रॅम विरघळते. वजनाच्या ६३.५ टक्के भाग चांदीचाच असल्याने १०० ग्रॅम चांदीपासून १५७ ग्रॅमहून थोडे अधिक लवण मिळते.

त्याचे उपयोग आणि धोके मुख्यतः दोन गोष्टींतून उद्भवतात. चांदीचा आयन इलेक्ट्रॉन मिळताच पुन्हा धातुरूप चांदी होतो आणि क्लोराइड आयन भेटताच त्याचा न विरघळणारा पांढरा अवक्षेप होतो. दहावीच्या विज्ञानातील दुहेरी विस्थापन अभिक्रियेचे परिचित उदाहरण हेच. नळाच्या पाण्यात हे द्रावण केले असता ते दुधाळ होते, कारण त्या पाण्यात क्लोराइड असतेच. म्हणून द्रावणासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरतात. हे लवण उजेडाने काळे पडते असे सर्रास सांगितले जाते, पण ते पूर्ण खरे नव्हे. धूळ, कागद, त्वचा यांसारख्या सेंद्रिय पदार्थांचा संपर्क असला तरच प्रकाशात ते लवकर काळवंडते.

गलाईतील स्थान

जळगाव शहर सोन्याच्या बाजारपेठेमुळे ‘सुवर्णनगरी’ म्हणून ओळखले जाते. अशा प्रत्येक बाजाराला मोडीचे दागिने गाळून शुद्ध सोने वेगळे करणाऱ्या गलाई व्यवसायाची गरज असते. महाराष्ट्रात हा व्यवसाय विशेषतः सांगली जिल्ह्यातील खानापूर (विटा) व आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील कुटुंबांनी नावारूपाला आणला आणि पोटासाठी बाहेर पडलेले हे कारागीर भारतभर पसरले.

जुन्या पद्धतीत एक भाग सोन्यात सुमारे तीन भाग चांदी मिसळून मिश्रण वितळवितात आणि त्याचे बारीक दाणे किंवा पातळ पत्रे करतात. सोन्याचे प्रमाण याहून बरेच जास्त राहिले, तर आम्ल आतल्या चांदीपर्यंत पोहोचत नाही. नंतर ते नायट्रिक आम्लात (कारागिरांच्या भाषेत तेजाबात) तापवितात. चांदी व तांबे विरघळतात, सोने तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी उरते. वरचे द्रावण म्हणजेच सिल्व्हर नायट्रेट, त्यात थोडे कॉपर नायट्रेट. या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवली की चांदी करड्या पिसांसारखी पट्टीवर जमू लागते आणि द्रावण निळे होत जाते. १०० ग्रॅम चांदी उतरविण्यास सुमारे २९.५ ग्रॅम तांबे खर्ची पडते. काही ठिकाणी तांब्याऐवजी मीठ घालून चांदीचे क्लोराइड मिळवितात.

या कामात लवणापेक्षा वायू अधिक घातक असतो. चांदी विरघळताना बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड हवेत येताच तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. तो हुंगल्यावर सुरुवातीला केवळ खोकला किंवा घशात जळजळ होते, बरे वाटू लागते, आणि कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी साठून जीव धोक्यात येतो. बंद खोलीत, खिडकीजवळ पंखा लावून केलेली गलाई यासाठी पुरेशी सुरक्षित नाही. वाफा खेचून घेणारी व त्या पाण्यात किंवा अल्कली द्रावणात धुणारी व्यवस्था लागते. अशा वाफा श्वासात गेलेल्या माणसाला त्रास नसला तरी रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.

उपयोग

जेलाटिनमध्ये सिल्व्हर नायट्रेट व पोटॅशियम ब्रोमाइड एकत्र आणले की प्रकाशसंवेदी सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म कण तयार होतात. कृष्णधवल फिल्म आणि कागद यांचा हाच आधार. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी ‘टेबलटॉप’ छायाचित्रणात केलेले काम याच चांदीवर उमटलेले आहे. जुनी ‘नायट्रेट फिल्म’ पेट घेई, त्याचा मात्र या लवणाशी संबंध नाही. तेथे नायट्रेट हे सेल्युलोजचे होते.

मतदाराच्या डाव्या तर्जनीवर लावली जाणारी शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने विकसित केलेली ही शाई म्हैसूर पेंट्स अँड वार्निश लिमिटेड ही कंपनी बनविते. नेमके सूत्र गुप्त असले तरी मुख्य घटक सिल्व्हर नायट्रेट आहे. त्वचेतील क्लोराइड व प्रथिने यांच्याशी बांधली गेलेली चांदी प्रकाशात काळी पडते आणि त्वचेचा वरचा थर झडेपर्यंत डाग जात नाही.

पाण्यातील क्लोराइड मोजण्यासाठी मोर पद्धत रूढ आहे. जळगावच्या मेहरूण तलावाच्या पाण्याचा १०० मिलिलिटर नमुना घेतला असे समजू. त्यात सूचक म्हणून पोटॅशियम क्रोमेटचे थेंब घालून ०.०१४१ नॉर्मल (लिटरला २.३९५ ग्रॅम) सिल्व्हर नायट्रेट ब्युरेटमधून सोडतात. सर्व क्लोराइड संपले की विटकरी छटा येते. या द्रावणाचा १ मिलिलिटर म्हणजे ०.५ मिलिग्रॅम क्लोराइड. १२ मिलिलिटर लागले तर लिटरला ६० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. पोटॅशियम क्रोमेट कर्करोगकारक असल्याने सूचकही जपून हाताळावा लागतो.

वैद्यकात याची कांडी ‘लूनर कॉस्टिक’ या नावाने चामखीळ जाळण्यासाठी व घोळणा फुटल्यास रक्त थांबविण्यासाठी वापरली जाते. किमयागार चांदीचा संबंध चंद्राशी जोडत, त्यावरून हे नाव पडले. जर्मन वैद्य कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बालकांच्या डोळ्यांत २ टक्के द्रावणाचा थेंब घालण्याची पद्धत सुरू केली आणि प्रसूतीवेळी होणाऱ्या संसर्गातून येणारे अंधत्व फार मोठ्या प्रमाणात टळले. पुढे प्रतिजैविकांनी तिची जागा घेतली.

केळी पिकविणाऱ्या एथिलीन वायूचा परिणाम चांदीचा आयन रोखतो. म्हणून ऊतिसंवर्धनाच्या माध्यमात हे लवण अल्प प्रमाणात वापरतात. खाण्याच्या फळांवर ते वापरावयाचे नसते.

हाताळणी

हातमोजे व डोळ्यांवर बंदिस्त चष्मा आवश्यक. डाग लगेच दिसत नाही, काही तासांनी उमटतो. त्यामुळे लागलेले कळत नाही आणि तोच हात डोळ्याला जातो. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. बोटांवरचे डाग पूर्वीचे छायाचित्रकार पोटॅशियम सायनाइडने काढीत. हा प्रकार जीवघेणा आहे. दीर्घकाळ चांदी शरीरात जात राहिल्यास त्वचा कायमची निळसर करडी होते. या विकाराला आर्जिरिया म्हणतात.

लवण स्वतः जळत नाही, पण ज्वलनास मदत करते. मॅग्नेशियमच्या भुकटीशी मिसळून पाण्याचा थेंब पडला तरी भडका उडतो. अल्कोहोल व नायट्रिक आम्ल यांच्यासह तापल्यास सिल्व्हर फल्मिनेट हे स्फोटक तयार होऊ शकते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सर्वाधिक दुर्लक्षित धोका टॉलेन्स अभिकर्मकाचा आहे: अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट साठवून ठेवल्यास काळा, हलविताच स्फोट पावणारा गाळ बसतो. तो ऐनवेळी, लागेल तेवढाच करावा आणि उरलेला त्याच दिवशी सौम्य नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करावा.

साठवण तपकिरी काचेच्या बाटलीत, काचेच्या बुचाने, अमोनिया व सेंद्रिय द्रवांपासून दूर करतात. उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. विरघळलेली चांदी अत्यल्प प्रमाणातही माशांना व शेवाळांना मारक ठरते. त्यात मीठ घालून अवक्षेप बसू द्यावा, गाळून वाळवावा आणि चांदी परत मिळविण्यासाठी बाजूला ठेवावा. अमोनियायुक्त द्रावण असल्यास आधी ते आम्लधर्मी करूनच मीठ घालतात.