ठिणगी कोणाची?

जुन्या शस्त्रांच्या दालनात चकमकीचे इंग्लिश पिस्तूल दिसले, तर त्याच्या घोड्याकडे नीट पाहावे. घोड्याच्या जबड्यात गारेचा एक लहानसा तुकडा आवळलेला असतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातील सैन्यांची भिस्त या तुकड्यावर होती.

चाप ओढला की घोडा वेगाने पुढे येतो आणि गार समोरच्या पोलादी पट्टीवर घासत आपटते. पट्टी उलटते, तिच्याखालची छोटी वाटी उघडी पडते आणि ठिणग्या वाटीतल्या रंजकेवर पडतात. रंजक म्हणजे पेट घेण्यासाठी ठेवलेली चिमूटभर बारीक दारू. ती भडकली की ज्वाला नळीच्या बाजूच्या छिद्रातून आत शिरते, ठासलेली दारू पेटते आणि गोळी सुटते. कधी रंजक नुसतीच भडके आणि बार होत नसे. क्षणभर चमकून विझणाऱ्या यशाला इंग्रजीत 'फ्लॅश इन द पॅन' म्हणतात, ते या वाटीवरूनच.

ठिणगी कोणाची, असे वर्गात विचारून पाहा. बहुतेक विद्यार्थी 'गारेची' म्हणतील. प्रत्यक्षात ती लोखंडाची असते. गार पोलादापेक्षा कठीण असल्याने ती पोलादाचे सूक्ष्म कण खरवडून काढते. तापलेले हे कण हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळू लागतात. खिळा असा जळत नाही, कारण वस्तुमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग फार कमी असतो. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर लोखंडाचा चिमूटभर बारीक कीस दुरून भुरभुरवला, तर हे सहज दाखवता येते.

त्याआधीच्या तोड्याच्या बंदुकीला सतत जळती वात लागे. ती पावसात विझे आणि रात्री शत्रूला दिसे. किल्ली देऊन चाक फिरवणारी बंदूक निघाली, पण ती फार महाग होती. चकमकीची सुधारलेली रचना सतराव्या शतकाच्या सुरुवातीस फ्रान्समध्ये झाली. तिचे श्रेय सामान्यतः मारँ ल बूर्ज्वा या कारागिराला दिले जाते. रचना साधी व स्वस्त असल्याने इंग्लंडनेही ती उचलली.

ओल मात्र चकमकीचीही वैरीण होती. 17 ऑगस्ट 1780 रोजी कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्यांच्या कौन्सिलचे सभासद फिलिप फ्रान्सिस यांच्यात पिस्तुलांचे द्वंद्व झाले. फ्रान्सिस यांनी चाप ओढला, पण दारू दमट असल्याने बार झाला नाही. हेस्टिंग्ज थांबले. हेस्टिंग्ज यांचे साक्षीदार कर्नल पिअर्स यांनी फ्रान्सिस यांना कोरडी दारू दिली. मग दोघांनी गोळ्या झाडल्या. फ्रान्सिस जखमी झाले, पण वाचले.

या अडचणीवर उपाय काढला स्कॉटलंडमधील पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांनी. त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता आणि रंजकेचा भडका दिसताच पक्षी उडून जात. आघाताने पेटणारे रसायन वापरून त्यांनी 1807 मध्ये पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली आणि 1840 च्या सुमारास ब्रिटिश सैन्याने चकमक सोडायला सुरुवात केली.

तंत्राची हकिकत इथे संपते, शस्त्र घडवणाऱ्यांची संपत नाही. बर्मिंगहॅममध्ये नळी एका कारखान्यात, कळ दुसऱ्यात तर दस्ता तिसऱ्यात तयार होई. तिथल्या बंदुका जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत जात आणि त्यांच्या मोबदल्यात गुलाम विकत घेतले जात. या धंद्यातले एक मोठे नाव सॅम्युएल गॅल्टन. ते वॅट आणि प्रीस्टली यांच्या लूनर सोसायटीचे सभासद होते आणि रंगांवर प्रयोग करणारे विज्ञानप्रेमीही होते. शिवाय ते युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर पंथाचे होते. पंथाने जाब विचारला तेव्हा त्यांनी सांगितले की, धंदा वडिलोपार्जित आहे, आणि गुलामांनी पिकवलेली साखर व कापूस वापरणारेही या पापाचे वाटेकरी आहेत. पंथाला ते पटले नाही. 1796 मध्ये त्यांना सभासदत्वातून काढण्यात आले.

गॅल्टन यांचा बचाव वर्गात मांडून पाहावा. त्यातला साखरेचा मुद्दा खोटा नव्हता. पण म्हणून बंदुका विकणाऱ्याची जबाबदारी कमी होते का? वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजूंनी बोलावे, असा हा प्रश्न आहे.