भायखळ्याच्या तुरुंगातील होकार

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, प्रकट झाला, आणि सरकारने पाचारण केल्यावरून आलेल्या वाल्डेमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत, मांसरसावर तरंगणाऱ्या तुपाच्या थेंबांच्या आधाराने रोगजंतू वाढवून व मग ते उष्णतेने मारून, सुमारे तीन महिन्यांत प्रतिबंधक लस सिद्ध केली, ही हकिकत जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कौतुकाने सांगितली जाते; परंतु तिचा जो उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो, तो बहुधा सांगायचा राहून जातो.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा कैद्यांपैकी जे राजीखुशीने पुढे आले, सुमारे निम्मे, तेवढ्यांनाच टोचून त्याने इतरांशी त्यांची तुलना केली. टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू पुष्कळच उणे आढळले. दोन्ही गटांचे अन्न, पाणी, निवारा आणि पहारा एकच असल्यामुळे ही तुलना विशेष मोलाची ठरली. पण ज्या बंदिवासाने पुराव्याला बळ दिले, त्यानेच त्या होकाराला उणेपणा आणला. साथ कोठडीपर्यंत आलेली, निघून जाण्याची मुभा नाही आणि देहावर अंमल सरकारचा, अशा माणसाच्या होकारास निखळ संमती म्हणणे मला जड जाते. तरीही, त्याच वर्षी फेब्रुवारीत जारी झालेल्या साथरोगांच्या कायद्यान्वये पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेऊन माणसे छावण्यांत नेली, हे आठवले की कैद्यालाही विचारावे असे वाटणाऱ्या हाफकिनचे वेगळेपण आदरणीयच वाटते.

कैद्याच्या संमतीचा हाच प्रश्न पुढे नुरेंबर्गच्या खटल्यातही उभा राहिला; तेथे माणसांवरील प्रयोगांबद्दल आरोपी असलेल्या नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी अमेरिकेतील तुरुंगांत झालेल्या हिवतापाच्या प्रयोगांचा दाखला बचावासाठी पुढे केला. तेव्हा न्यायाधीशांनी १९४७ च्या निकालात, जबरदस्तीविना आणि प्रयोगाचे स्वरूप समजून दिलेली संमती अपरिहार्य ठरविली व प्रयोगातून माघार घेण्याची मोकळीकही मान्य केली. भायखळ्याची तुलना फळ्यावर मांडणाऱ्या शिक्षकाने, लशीचा गुण विद्यार्थ्यांकडून काढवून घेतल्यावर, त्याच तासाला त्यांना विचारावे की त्या कैद्यांना आधी काय सांगितले गेले असेल, आणि ज्यांनी हात पुढे केला नाही त्यांना नकार देताना कोणाचे भय वाटले असेल.