दारावरचा आकडा

मंडळी, पंढरीच्या वाटेवरच्या एखाद्या गावी वारीचा मुक्काम आपण पाहिला असेल. देवळाचा सभामंडप, शाळेच्या खोल्या, चावडी, घरांच्या ओसऱ्या; जिथे जागा सापडेल तिथे माणूस पथारी टाकतो. "अहो, थोडं सरका, आणखी एकाची सोय होईल," असे कुणी म्हटले की ओळीची ओळ सरकते. ही आपली रीत आहे आणि ती चांगलीच आहे. पण वारकऱ्याला घर असते. चार दिवसांनी तो तिकडे परततो. ज्याला घरच नाही, त्याची प्रत्येक रात्र परक्या छपराखाली जाते. तिथे "थोडं सरका" किती वेळा म्हणायचे? एका छपराखाली माणसे किती, हे कोणी ठरवायचे? आणि ठरल्यावर जो बाहेर उरला, त्याचे काय? या तीन प्रश्नांचा इतिहास आज आपणांस सांगणार आहे.

प्रथम लंडनला जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे शहर भराभर वाढत होते. पोटामागे आलेल्या गोरगरिबांसाठी तिथे रात्रीपुरते भाडे घेणारी निवासगृहे होती. दोनचार पेनी टाकल्या की निजायला जागा मिळे. मालकाचा हिशेब सरळ होता. खोली तेवढीच, भिंती त्याच. मग जितकी डोकी जास्त, तितका गल्ला जास्त! स्त्रीपुरुष, मुलेबाळे, धडधाकट आणि तापाने फणफणलेले, सगळे एकाच खोलीत. 1848-49 मध्ये कॉलऱ्याने लंडनमध्ये हजारो बळी घेतले, तेव्हा कुठे सरकारचे डोळे उघडू लागले.

1851 साली लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या खटपटीने अशा निवासगृहांचा कायदा झाला. निवासगृहाची नोंदणी सक्तीची झाली. आत जाऊन तपासणी करण्याचा अधिकार लंडनमध्ये पोलिसांना मिळाला. प्रत्येक खोलीत किती माणसे निजावीत हे ठरवून तो आकडा त्या खोलीत लावायचा, भिंतींना ठरल्या वेळी चुना द्यायचा, तापाचा रोगी आढळला तर ताबडतोब कळवायचे, असे नियम आले. "किती माणसे" हा प्रश्न मालकाच्या हातून निघून कायद्याच्या हाती गेला, ही त्यातली मोठी गोष्ट.

आपल्याकडे हाच विचार कायद्याच्या वाटेने नव्हे, तर सेवेच्या वाटेने आला. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या लेखी आसरा आणि झाडू या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या. छप्पर दिले म्हणजे पुण्य संपले असे नाही. त्या छपराखाली माणसाला माणसासारखे राहता आले पाहिजे.

आता आकडा नुसता रोगराईसाठीच हवा का? नाही, आगीसाठीही हवा. 1905 च्या नोव्हेंबरात ग्लासगो शहरातल्या वॉटसन स्ट्रीटवरच्या निवासगृहाला रात्री आग लागली आणि 39 पुरुष मेले. 1955 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या बार्टन हॉटेलात 29 जण दगावले. नाव हॉटेल, पण आत खुराड्यांसारख्या चिमुकल्या खोल्या आणि वर तारेची जाळी. एवढी माणसे अर्ध्या झोपेत, धुरातून, अरुंद वाटेने बाहेर कशी पडणार? म्हणून आकड्याबरोबर दार, जिना आणि वाट यांचाही विचार करावा लागतो.

परंतु 1851 च्या कायद्यात एक उणीव होती. तपासनिसाने सांगितले, "या खोलीत वीसच." ठीक आहे. मग एकविसाव्याने जायचे कुठे? थंडीच्या रात्री त्याच्यापुढे सक्तीच्या श्रमाचे अनाथगृह, नाहीतर रस्ता. आकडा आतल्या वीसांचे रक्षण करतो, पण दाराबाहेरच्याला तोच आकडा लोटून देतो. कायद्याचा हा उरलेला अर्धा भाग पुरा व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, आणि तोही दुसऱ्याच देशात.

1979 साली रॉबर्ट हेज नावाच्या तरुण वकिलाने न्यूयॉर्कमधील बेघर पुरुषांच्या वतीने दावा लावला. त्या राज्याच्या घटनेत गरजूंना साहाय्य करण्याचे कर्तव्य सांगितले आहे. त्यावरच त्याने बोट ठेवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयाने आसरा देण्याचा हुकूम केला, आणि 1981 च्या ऑगस्टमध्ये करार झाला. त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. एक, गरजू पुरुषाला आसरा नाकारायचा नाही. दुसरी, आसरा कसा हवा तेही ठरले. किमान 30 इंच रुंदीची खाट, गादी, उशी, दोन स्वच्छ चादरी, पांघरूण, टॉवेल, साबण, कुलपाचे कपाट. जागा भरली, तर सरकारने दुसरी जागा उघडायची. ज्याच्या नावाने हा दावा ओळखला जातो तो बेघर माणूस, रॉबर्ट कॅलहॅन, करारावर सह्या होण्यापूर्वीच रस्त्यावर मेला.

करार झाला म्हणून सारे सुरळीत झाले का? छे! 1980 नंतरच्या दशकात त्याच शहरात फोर्ट वॉशिंग्टनच्या शस्त्रागाराच्या एकाच दालनात हजाराच्या आसपास पुरुष निजत. क्षय तिथे सहज पसरत असे. कागदावरचा आकडा कोणी मोजत राहिले नाही, तर तो कागदावरच राहतो.

आपल्या देशात 2011 च्या जनगणनेने 17 लाख 73 हजार बेघर माणसे मोजली. 2010 च्या जानेवारीत, दिल्लीतील ऐन थंडीत एक तात्पुरता निवारा हटवल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पुढे न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा असे सांगितले. 2013 मध्ये केंद्र सरकारच्या शहरी उपजीविका अभियानाने माणशी किमान 50 चौरस फूट जागा हे माप धरले. म्हणजे दहा फूट लांब, पाच फूट रुंद.

आपण म्हणाल, "हे शहरांचं झालं, आमच्या गावाला त्याचं काय?" गुरुजी, पूर आला की निवारा कुठे उघडतो? तुमच्याच शाळेत. मग मुलांना हे गणित घाला. वर्ग 25 फूट लांब आणि 20 फूट रुंद, तर वरच्या मापाने माणसे किती? उत्तर दहा येईल. पुराच्या रात्री एवढी ऐसपैस जागा मिळणार नाही, हे खरे. पण आपण माप किती ओलांडले, ते तरी कळेल. मधोमध वाट मोकळी ठेवा. दाराला बाहेरून कडी नको. चूल खोलीबाहेर, आजारी माणूस निराळ्या खोलीत. आणि दारावर खडूने आकडा लिहा.

मात्र नुसता आकडा लिहून थांबू नका. त्याच्याखाली दुसऱ्या दाराचे नाव लिहा: "ही खोली भरली, पुढची सोय देवळात." आणि तिथली सोय खरोखर झाली आहे की नाही, ते एकदा स्वतः जाऊन पाहून या.