लोकायतिकांचा उपहास व त्याचें फलित

नास्तिक पक्षास उपहासानें बळ येतें कीं त्याची हानि होते, हा प्रश्न वादसभांतून वारंवार निघतो व बहुधा ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडला जातो. परंतु आपल्या देशांत ह्या प्रश्नाची परीक्षा पूर्वींच होऊन गेली आहे. लोकायत अथवा चार्वाक दर्शन अनेक शतकें वादांत उभें होतें. त्याच्या उपहासाची काय गति झाली व युक्तिवादाची काय झाली, हें उपलब्ध ग्रंथांवरून पाहतां येतें. तेवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम उपहास पाहूं. माधवाचार्यांच्या नांवें चालणारा चौदाव्या शतकांतील सर्वदर्शनसंग्रह हें चार्वाकमताचें सर्वांत प्रसिद्ध साधन होय. त्याच्या पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस बृहस्पतीचे म्हणून कांहीं श्लोक दिले आहेत. त्यांचा आशय असा : यज्ञांत मारलेला पशु स्वर्गास जात असेल तर यजमान आपल्या पित्यासच कां मारीत नाहीं? श्राद्धानें मृताची तृप्ति होत असेल तर प्रवाशानें शिदोरी कशास न्यावी? आणि वेद रचणारे तर विदूषक, ठक व राक्षस होते.

हीं वचनें एका योग्यतेचीं नाहींत. शिदोरीच्या वचनांत हास्य आहे, पण त्याच्या पोटांत हेतु व दृष्टांत आहेत. त्याचें उत्तर देणें भाग पडतें. म्हणूनच तो आक्षेप दूरवर पसरला. रामायणांत तो जाबालीच्या तोंडीं येतो, विष्णुपुराणांत मायामोहाच्या तोंडीं येतो. हरिभद्राच्या षड्दर्शनसमुच्चयांत सुचविलेली व टीकाकारांनीं विस्तारानें सांगितलेली लांडग्याच्या पावलांची कथाही ह्याच जातीची. एक पुरुष रात्रीं धुळींत बोटांनीं लांडग्याचीं पावलें उमटवितो आणि सकाळीं गांवचे विद्वान तीं पाहून रानांतून लांडगा आल्याचें निश्चयानें सांगतात. अनुमान कोठें फसतें, हें ह्या थट्टेइतकें स्पष्ट एखाद्या सूत्रानेंही झालें नसतें.

तिसरें वचन मात्र निव्वळ शिवी आहे. त्यांत हेतु नाहीं, म्हणून त्याचें खंडनही करावें लागत नाहीं. तें उद्धृत केलें कीं प्रतिपक्ष्याचें काम झालें. हेतुगर्भ थट्टेसही क्रोधाचें भय असतेंच. जाबालीच्या भाषणानें राम कोपतो आणि जाबालि आपलें बोलणें परत घेतो. ज्या दर्शनाच्या नांवाची व्युत्पत्ति ‘चारु वाक्’ अशी कित्येक लावतात, त्याचे कटु शब्दच तेवढे लोकांच्या स्मरणांत राहावे, हें विलक्षण होय.

ह्याहून सूक्ष्म हानि ऋण काढून तूप पिण्याच्या श्लोकानें झाली आहे. सर्वदर्शनसंग्रहाच्या त्याच प्रकरणाच्या आरंभीं हाच श्लोक निराळ्या पाठानें येतो. तेथें ऋणही नाहीं व तूपही नाहीं. मृत्यूच्या तडाख्यांतून कोणी सुटत नाहीं, एवढेंच गंभीर विधान आहे. इतर ग्रंथांतही हाच पाठ आढळतो व तुपाचा पाठ मागाहून बदललेला आहे, हें रामकृष्ण भट्टाचार्य यांनीं साधार दाखविलें आहे. मग हा उपहास चार्वाकांनीं इतरांचा केलेला, कीं इतरांनीं चार्वाकांचा केलेला? आमच्या मतें दुसराच पक्ष बलवत्तर आहे. जो पक्ष थट्टेखोर म्हणून गाजला, त्याच्या नांवावर कोणतीही थट्टा खपून जाते. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां आम्हीं स्वतः तुपाचा श्लोक अनेक वर्षें फळ्यावर लिहिला. मुलें हसत, आम्हीही हसत असूं, आणि चार्वाकदर्शन तेथेंच संपत असे. दुसरा पाठ त्याच पुस्तकांत कांहीं पानें मागें होता, तो आम्हीं त्यांस कधीं दाखविला नाहीं.

आतां युक्तिवाद. चार्वाक अनुमान मुळींच मानीत नाहींत, असें सर्वदर्शनसंग्रहावरून समजलें जातें. परंतु शांतरक्षिताच्या तत्त्वसंग्रहावर कमलशीलाची पंजिका आहे, ती मूळासह १९२६ सालीं बडोद्यास छापली गेली. तींत पुरंदर नामक चार्वाकाचें मत आलें आहे : लोकव्यवहारांतील अनुमान आम्हांसही मान्य, व्यवहार ओलांडून परलोकादि विषयीं तें चालविणें तेवढें अमान्य. हें विचारी माणसाचें मत आहे, आणि तें बहुतेकांच्या कानींही आलेलें नाहीं.

दुसरें उदाहरण जयराशिभट्टाच्या तत्त्वोपप्लवसिंहाचें. हा ग्रंथ सुमारें आठव्या-नवव्या शतकांतील. त्याचें एकमेव ताडपत्री हस्तलिखित १९२६ सालीं पाटण येथील जैन भांडारांत सांपडलें. त्यावर विक्रम संवत् १३४९ हा काल आहे. सुखलालजी संघवी व रसिकलाल परीख यांनीं संपादिलेली आवृत्ति १९४० सालीं गायकवाड ग्रंथमालेंत निघाली. जयराशीस शुद्ध चार्वाक म्हणावें कीं नाहीं, ह्याविषयीं मतभेद आहे. तथापि बृहस्पतीचा तो आदर करितो. प्रतिपक्ष्यास टोमणा मारण्यास तोही चुकत नाहीं, परंतु आधीं त्याचें प्रमाणलक्षण घेतो, त्याचे विकल्प करितो व एकेक पाडतो. अशा ग्रंथास शिवीनें उत्तर देतां येत नाहीं. विद्यानंदादि जैन पंडितांस तो अभ्यासून खोडावा लागला, आणि जैनांचें आत्ममतही खंडणारी ही पोथी जैनांच्याच भांडारांत सुरक्षित राहिली.

युक्तिवाद तरला व उपहास बुडाला, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पुराव्याप्रमाणें पाहतां उलट झालें आहे : तुपाचा श्लोक घरोघरीं पोंचला आणि जयराशि एका पोथीच्या आधारानें जेमतेम वांचला. उपहासानें नास्तिकांचें नांव राखलें हें मान्य केलें पाहिजे. पण त्यांचें म्हणणें ऐकून घेण्याची गरज त्यानेंच नाहींशी केली. हेतूसहित हास्य त्यांस उपकारक झालें व हेतुरहित हास्य प्रतिपक्ष्याच्या हातचें शस्त्र झालें, एवढाच निर्णय ह्या साधनांवरून करितां येतो.

पोथ्या जमविणाऱ्या वाचकांस एक विनंति आहे. बाडांत एखादें सुटें पान वेदनिंदेचें अथवा अश्लाघ्य म्हणून बाजूस पडलें असेल, तर तें टाकूं नये. त्याच्या मागील-पुढील पानें शोधावीं व श्लोकाचा पाठ छापील पाठाशीं ताडून पाहावा. ऋण व तूप नसलेला पाठ आणखी एखाद्या जुन्या प्रतींत मिळाला, तर एका दर्शनावरील फार दिवसांचा आळ कांहींसा उतरेल.